डावीकडून सांगा

त्या दिवशी पाहणी लवकर आटोपली म्हणून ती दुपारीच घरी आली, आणि तिथेच सगळं बिनसलं. माणसानं न सांगता लवकर घरी येऊ नये असं तिचं जुनं मत होतं. तसं आलेल्यांच्या कहाण्या तिनं धंद्यात ढिगानं ऐकल्या होत्या. पण स्वतःच्या घरी येताना कोण विचार करतो? दार उघडलं, चपला काढल्या, आणि समोरची भिंत बघून ती तशीच उभी राहिली. भिंतीवर काही म्हणता काही नव्हतं. घड्याळ नव्हतं, लेकीचं शाळेतलं प्रमाणपत्र नव्हतं, किल्ल्यांची पट्टी नव्हती, दोघांचा लग्नातला फोटोही नव्हता. जिथं जिथं काही होतं तिथं फिकट चौकोन उरले होते, आणि मधोमध एक खिळा. खिळ्यासमोर स्टुलावर नवरा बसला होता, पुढ्यात तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा. त्यानं मान वळवली नाही. “सावली बघ,” एवढंच म्हणाला, “अजून दहा मिनिटं अशी राहील.” तिनं विचारलं, “फोटो कुठे गेला?” “कुठला?” “आपला.” “कपाटात. नीट गुंडाळून ठेवलाय.” बोलताना त्याचा आवाज इतका सरळ होता की तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं सरळ कोणी बोलतं का? आणि ते ‘नीट गुंडाळून’ तिच्या डोक्यात जे रुतलं ते रुतलंच.

ती विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. आग, पूर, चोरी. काय गेलं, किती गेलं, आणि खरंच गेलं का. बावीस वर्षं हेच काम. ऑफिसात तिला मागून दुर्बीण म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवीन लागलेल्या पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगे, राख नंतर बघा, आधी काय नाही ते बघा. एकदा एका गृहस्थाचं आख्खं घर जळालं होतं. भांडी वितळली, पलंगाचे नुसते सांगाडे उरले, गृहस्थ छाती बडवून रडत होता, बघवत नव्हतं. हिनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि सहज विचारलं, घरातले जुने फोटो तरी वाचले का हो? तो म्हणाला, हो, नशीब म्हणायचं, आल्बम भावाकडे होता. झालं. आल्बम भावाकडे गेला म्हणजे आग कधी लागणार हे माणसाला माहीत होतं. सोनंनाणं लोक विसरतील, पण जायचं ठरलं की फोटो आधी गुंडाळतात, नीट गुंडाळतात. त्या गृहस्थाला तिनं पुढे उभा-आडवा सोलला होता. आता स्वतःच्या बैठकीच्या खोलीत त्या फिकट चौकोनांकडे बघताना तिला त्याचा चेहरा आठवत होता, आणि चहा टाकायला म्हणून ती आत गेली तरी चहा टाकायचं राहूनच गेलं.

नवऱ्याचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. सरकारी नकाशा कचेरीत तो मूळ नकाशांच्या हातानं नकला काढायचा. एवढ्याशा कागदावर विहिरी, मोऱ्या, पायवाटा, झाडांचे ठिपके, मुंगीलाही चालायला जागा नाही अशी त्याची रेघांची दाटी. साहेबमंडळी भिंग लावून बघत आणि वाहवा करत. असा माणूस निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना एका सोमवारी घरी येऊन म्हणाला, नोकरी सोडायचा अर्ज देऊन आलो. का, म्हणून विचारलं तर कंटाळा आला म्हणाला. बत्तीस वर्षांत ज्याला कंटाळा हा शब्द माहीत नव्हता त्याला एका सोमवारी तो आला कुठून? तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं. पण तिच्याकडे तेव्हा एका कापडगिरणीची मोठी पाहणी होती, आणि घरातली पाहणी माणूस नेहमी पुढे ढकलतो. मग त्यानं तो वापरलेला कॅमेरा घेतला आणि दर शनिवारी एका क्लासला जायला लागला. कमीत कमी वस्तूंचे फोटो काढायला शिकवतात म्हणे. कमीत कमी वस्तूंचे! “फोटोत काही नसायला क्लास कशाला हवा?” तिनं विचारलं होतं, तर तो हसला होता आणि म्हणाला होता, “काही नसणं फार अवघड असतं, बघ.” शिकवणारी बाई तिशीतली होती. हे तिनं क्लासला फोन करून काढून घेतलं. नाव बदलून, मला शिकायचंय म्हणून. ती क्लासवाली बाई मोकळी वाटली, लाघवी वाटली, आणि ते तर आणखीच वाईट. “सुरुवातीला काही विकत घेऊ नका हो,” ती सांगत होती, “घरातलीच एक भिंत मोकळी करा. एक वस्तू घ्या, एकच. ती मध्ये ठेवू नका, एका कडेला ठेवा, उजवीकडे ठेवा हवी तर. बाकीची जागा सोडून द्या. सोडायची भीती वाटते पहिल्यांदा. सवय झाली की मोकळं वाटतं.” हिनं फोन ठेवला. क्लास खरा होता, बाई खरी होती, भिंतीचा अभ्यासही खरा निघाला. पण म्हणून काय झालं? लबाडाचे कागद नेहमी पुरेच असतात. अपुरे कागद असतात ते बिचाऱ्या खऱ्यांचे.

मग तिला एकेक दिसायला लागलं. एकदा पाणी कुठे मुरतंय हे बघायला माणूस बसला की घरभर ओल दिसते. नवऱ्यानं गाडी चालवणं सोडलं होतं. पायी बरं वाटतं म्हणे. गाडी ओळखू येते, पायी माणूस कुठेही वळतो. रस्त्यानं दोघं चालताना तो तिला हटकून उजवीकडे घ्यायचा, “अगं, या बाजूला ये,” आणि ती चुकून डावीकडे गेली तर दचकायचा. का दचकतो? ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. भूक कुठे भागवून येतो मग? चपलांचं कपाट त्यानं बोळातून हलवून मागच्या गॅलरीत टाकलं, गर्दी वाटते म्हणून. सव्वीस वर्षं वाटली नाही ती गर्दी! आणि दंडावरचा तो निळा डाग. डाव्या दंडावर, कोपराच्या चार बोटं वर. विचारलं तर “लागलं कशाला तरी” म्हणाला. तो आंघोळीला गेला तेव्हा तिनं टेप घेतली, आणि हे सांगायला लाज वाटते पण तिनं घरातले सगळे कोपरे जमिनीपासून मोजले. त्या उंचीला घरात एकच वस्तू होती, बोळातली मीटरची पेटी. पण त्या पेटीजवळून तो सव्वीस वर्षं येत-जात होता, अंधारात, झोपेत, लेकीला कडेवर घेऊन, आणि कधी धक्का लागला नव्हता. तेव्हा पेटी बाद. म्हणजे त्या उंचीचं काहीतरी दुसऱ्या घरात होतं, जिथं त्याला अजून नीट वावरायची सवय नव्हती. असा तिचा हिशोब. पक्का, कुठेही फट नसलेला. असल्या हिशोबांवर तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं.

लेकीला फोन केला तर ती हसायलाच लागली. “आई, बाबांना छंद लागलाय, लागू दे की.” “छंदाला माणूस शीळ घालत जातो. हे चोरपावलांनी जातात.” “वय झालंय त्यांचं, चोरपावलं कसली!” “तुला काय माहीत.” “तू ना, देव भेटला तरी आधी त्याचा पंचनामा करशील,” लेक म्हणाली, आणि पलीकडे कुणाशी तरी बोलायला लागली. हिला राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. तिला भीती वाटत होती. साधी भीती. हा जाईल. एक दिवस ती घरी येईल आणि भिंतीसारखं सगळं घर मोकळं असेल, आणि खुर्चीवर एक कागद असेल, त्याच्या त्या नकाशातल्या बारीक, सुंदर अक्षरात. तिला स्वतःचा संताप येत होता की एवढ्या वर्षांत हा माणूस आपल्याला लागतो हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही, तो होताच ना. रोज होता.

पुढे फोटो काढायची त्याची वेळ सकाळची झाली, आठ ते साडेनऊ. खिडकीतून ऊन तिरपं यायचं तेव्हा. त्या वेळेला ती आत आवरत असायची. असायची म्हणजे तो तसं समजायचा. आतल्या खोलीचं दार त्या मोकळ्या भिंतीच्या डाव्या टोकाला होतं. ते ती चार बोटं उघडं ठेवायची आणि फटीतून बघायची. एक पाय थंड फरशीवर, एका हातात कंगवा, कानातलं एकच घातलेलं. तो काय करायचा? काही नाही. स्टुलावर कप ठेवायचा. थोडा सरकवायचा. मागे यायचा, कॅमेऱ्यात बघायचा, परत जाऊन केसभर सरकवायचा. कपाशी तो जितक्या प्रेमानं वागत होता तितका आपल्याशी कधी वागला, हे ती आठवायला बघायची. एकदा लेक तापानं फणफणली होती तेव्हा रात्रभर तो हिच्या पाठीला पाठ लावून बसला होता, हिला टेकायला मिळावं म्हणून. बोलला एक अक्षर नव्हता. मग तिला वाटायचं, आपण काय करतोय हे? आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजायचा, तो हळू आवाजात “हो, हो, शनिवारी आणतो” म्हणायचा, आणि तिचे कान पुन्हा टवकारायचे. असे तीन आठवडे गेले. ऑफिसात तिला रोज उशीर होऊ लागला. दुर्बिणीला उशीर! लोक घड्याळं बघायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं छापून आणलेले फोटो जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि तो दूध आणायला खाली गेला. तपकिरी पाकीट, मोठ्या आकाराचे सहा फोटो. पाकीट चिकटवलेलंही नव्हतं. तिनं हात पुसले आणि फोटो बाहेर काढले. पहिला खिळ्याचा. दुसरा कपाचा, उजवीकडे कप, बाकी सगळी भिंत, पांढरी, स्वच्छ. आणि डाव्या कडेला, दाराच्या फटीत, ती. अर्धा चेहरा, एक डोळा, कंगवा धरलेली बोटं. तिसऱ्यात पण ती. चौथ्यात नव्हती. पाचव्यात होती, सहाव्यात होती. सहापैकी चारांत तिचा तो एक डोळा फटीतून बघत होता, आणि असा चेहरा आपल्याला आहे हे तिला पंचावन्न वर्षांत आरशानं कधी सांगितलं नव्हतं. तिनं फोटो होते तसे पाकिटात घातले. म्हणजे त्याला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो गप्प राहून पुरावा गोळा करत होता, तारीखवार, मोठ्या आकारात छापून. आणि हे उद्या तो त्या बाईला दाखवणार. बघा, मी कशा घरात राहतो. त्याच्या जागी ती स्वतः असती तरी तिनं हेच केलं असतं, अगदी हेच. समोरच्याला काही कळू द्यायचं नाही, फाईल भरू द्यायची. दूध घेऊन तो आला, “काय गं, घाम का आलाय?” म्हणाला. तिला त्याच्या त्या साध्या चेहऱ्याची धास्ती वाटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. आता चोर तीच होती.

शनिवारी सकाळी क्लासला निघण्याआधी तो पाकीट घेऊन टेबलाशी बसला. तिनं ठरवलं होतं, आपण होऊन उघडं पाडायचं. तिच्या धंद्यात एक पद्धत होती. माणसावर आरोप करायचा नाही. जागेचा फोटो त्याच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, यात काय काय आहे ते डावीकडून सांगा. खरा माणूस डावीकडून सांगत येतो. ज्याच्या पोटात पाप तो एक जागा टाळतो, डोळे तिथून उडी मारून पुढे जातात, आणि आपण नुसतं गप्प बसायचं. गप्प बसल्यानं घाम फुटतो. तिनं दुसरा फोटो त्याच्यापुढे सरकवला. “छान आलाय,” ती म्हणाली. “यात काय काय आहे ते सांगा ना मला. डावीकडून सांगा.”

तो खूश झाला. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. “काय काय कशाला, एकच तर आहे. कप.”

“डावीकडून सांगा म्हटलं ना.”

“अगं, डावीकडे काही नाहीच. तेच तर जमायला हवं होतं. नुसती भिंत, बघ, कशी शांत वाटते.” आणि त्यानं तळवा त्या पांढऱ्या भागावरून फिरवला, मायेनं, कापड चाचपावं तसा. तळव्याची कड तिच्या कागदावरच्या चेहऱ्यावरून गेली. ती गप्प बसली. भिंतीवर घड्याळ नव्हतं, तरी किती वेळ गेला हे तिला कळत होतं. त्याला घाम फुटला नाही. त्याचे डोळे कुठेही उडी मारत नव्हते. तो फोटोकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता, शाळेत चित्र दाखवणाऱ्या पोराचा असतो तसला. बावीस वर्षांत तिनं हजार खोटारडे बघितले होते, आणि हा त्यांतला नव्हता. मग हे काय? तिनं बोट उचललं आणि स्वतःच्या त्या डोळ्यावर टेकवलं. “आणि हे?”

“कुठे?”

“हे काय, बोट आहे माझं.”

त्यानं मान वळवली. नुसते डोळे नाही, सगळी मान, खांद्यापासून, कोपऱ्यावरून वळून पलीकडे बघावं तशी. आणि मग त्याला ते दिसलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. “ही तू आहेस?” तो म्हणाला. मग म्हणाला, “तू अशी का उभी आहेस?”

उत्तर द्यायचं सोडून तिनं त्यालाच विचारलं, आणि आवाज चढला, कारण तिला समजायला लागलं होतं. “तुम्हाला हे दिसलं नव्हतं?” त्यानं फोटो जवळ ओढला. “अहो, दिसलं नव्हतं का?” मग त्यानं सांगितलं. हळूहळू, मध्ये थांबत. गेल्या वर्षी एका सकाळी कचेरीत चक्कर आली होती, घरी पित्त म्हणून सांगितलं ती. ते पित्त नव्हतं. डोळे ठणठणीत होते. मागे मेंदूत एक ठिपका मेला होता, बारीक झटका, आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती. रेघा चुकायला लागल्या म्हणून अर्ज दिला. “अंधार दिसतो का तिकडे?” तिनं विचारलं. “अंधार दिसला असता तर सोपं होतं. काहीच नसतं. या बाजूला जे असेल तेच पुढे चालू आहे असं वाटतं. रस्त्यावर माणसं एकदम अंगावर उगवतात. बोळातली ती पेटी तर रोज मला मारते. पांढऱ्या भिंतीपुढे बरं वाटतं. तिथं काही नसतंच, तर हुकणार काय?” गोळ्या तो रक्तदाबाच्या डबीतच ठेवत होता. घरात ती एकच जागा तिनं तपासली नव्हती, कारण ती डबी रोज तिच्या डोळ्यांपुढेच असायची.

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलं असतंस, किती वाजता झालं, कोण कोण हजर होतं.” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “मला घरात नुकसान म्हणून राहायचं नव्हतं गं.”

हे मात्र तिला लागलं. लागायलाच हवं होतं. तिनं सगळं सांगून टाकलं मग. क्लासवाली, नाव बदलून केलेला फोन, टेप, मीटरची पेटी. क्लासवालीचं ऐकून तो खरोखर हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं, तिला मी आजोबा वाटतो. जिन्यावरून हात धरून उतरवते.” मग हसणं थांबलं, आणि तो म्हणाला, “बाकीच्यांतही आहेस?” “चारांत आहे.” “दाखव.” तिनं एकेक फोटो पुढे ठेवला आणि एकेकावर बोट टेकवलं, आणि तो दर वेळी मान वळवून तिच्याकडे बघत गेला, सावकाश, त्या कपाकडे बघायचा तसा. शेवटच्याशी तो थांबला. त्यात कंगवा नव्हता. दोन्ही हात दाराच्या कडेला घट्ट धरलेले होते.

“इथं तू घाबरलेली दिसतेस.”

“होतेच.”

“कशाला?”

“तुम्ही जाल म्हणून.” शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, सुटले, झालं एकदाचं बोलून. आता हा म्हणेल, वेडी आहेस, कुठे जाणार मी. नवरे म्हणतातच की. ती वाट बघत राहिली. तो फोटोच्या कडा बरोबर जुळवत बसला होता, सहाच्या सहा, एकावर एक, आणि त्या जुळल्या तरी जुळवतच होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि झटका एकदा येऊन गेला की पुढे काय असतं हे तिला विचारायची गरज नव्हती. असल्या आजारांचे कागदही ऑफिसात तिच्या नजरेखालून गेले होते. नाही जाणार, एवढं म्हणायला काय जात होतं त्याचं? पण बत्तीस वर्षं या माणसानं जमिनीवर नसलेली विहीर कधी कागदावर काढली नव्हती. तिनं त्याचा हात धरला, उजवा, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून वाटलं की समोरच्यानं आता खोटं बोलावं, धडधडीत खोटं, आणि आपण ते तपासू नये.